दांडा घेताना आधी रेषा बघा, रंग नंतर



परवा बांधावरची वेडी बाभूळ तोडताना कुऱ्हाडीचा दांडा मोडला. कुऱ्हाड उडून सोबतच्या गड्याच्या पायापासून हातभर लांब पडली. थोडक्यात वाचला. दांडा बाजारातून आणून दोन महिनेही झाले नव्हते. मोडलेली जागा बघितली तर लाकडाची रेषा तिरपी जाऊन मधेच बाहेर निघालेली. तिथंच तुकडा पडला.

माझं स्पष्ट मत आहे, दांडा लाकडाच्या जातीपेक्षा कुठल्या भागातून काढला यावर टिकतो.

मशीनवर करवत सरळ चालते, पण झाडाची रेषा सरळ असेलच असं नाही. जुने सुतार ओंडका पाचर मारून फोडायचे आणि मग तासायचे. फोडलेलं लाकूड रेषेप्रमाणेच फुटतं, त्यामुळं रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. दांडा घेताना डोळ्यासमोर आडवा धरा आणि रेषा कुठं बाहेर पडते ते बघा. पडत असेल तर दुकानदाराला परत द्या.

दुसरं म्हणजे गाठ नको, आणि खोडाच्या अगदी मधला भोगही नको. फांदीच्या दांड्यात भोग बरोबर मधे येतो आणि वाळताना लाकूड तडकतं. म्हणून जाड, सरळ बुंधा फोडून त्याच्या कडेचा भाग घ्या.

आता रंगाचं. मोबाईलवर अमेरिकेतल्या हिकरी लाकडाचे व्हिडिओ येतात. तिथं धनुष्याला आणि दांड्याला पांढरं लाकूड आवडीनं घेतात. हिकरीला ते चालतं, पण आपल्या बाभळीला तो नियम लावू नका. बाभळीचं बाहेरचं पांढरं लाकूड नवं असताना चांगलं वाटतं, पण भुंगा आधी तिथंच लागतो आणि पीठ पडायला लागतं. बाभळीचा आतला तांबडा गाभाच घ्यायचा.

कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना शेणमाती लिंपा आणि लाकूड सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवा. ओल्या लाकडाचा दांडा बसवला की वाळून आकसतो आणि कुऱ्हाड ढिली होते. मग आपण ती रात्रभर पाण्यात ठेवतो. ते पण चूक. फुगलेलं लाकूड लोखंडात दाबलं जातं आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त ढिलं होतं. त्यापेक्षा कोरडी पाचर मारा.

वाईट याचं वाटतं की बांधावरची चांगली, सरळ बाभूळ आपण सरपणाच्या भावात देऊन टाकतो आणि बाजारातून तिरप्या रेषेचा दांडा पैसे मोजून आणतो. पुढच्या वेळी झाड देण्याआधी बुंध्याचे चार हात बाजूला काढून ठेवा. गावात म्हातारा सुतार असेल तर त्याच्याकडून पोरांना लाकूड फोडायला शिकवा.

तुमच्याकडं दांड्याला कुठलं लाकूड वापरतात, खाली लिहा.