कोठारे कुणाची?

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात क्रेसिंग टेम्पल येथे तेराव्या शतकातील दोन प्रचंड लाकडी धान्यकोठारे आजही उभी आहेत. एक जवाचे, दुसरे गव्हाचे. ११३७ साली राणी मटिल्डाने येथील जहागीर ‘टेम्पलर’ या शस्त्रधारी धर्मसंघास दान दिली. संघाचे सदस्य व्यक्तिशः दारिद्र्याची शपथ घेत. संघ मात्र बडा जमीनदार होता. ११८५ साली त्याने आपल्या इंग्लंडमधील जमिनींची पाहणी केली. तीत कुळांचा खंड आणि वेठ यांची काटेकोर नोंद आहे.

१३१२ साली पोपने हा संघ बरखास्त केला. जमीन कसणाऱ्याकडे गेली काय? नाही. ती ‘हॉस्पिटलर’ या दुसऱ्या धर्मसंघाकडे गेली. धनी बदलला, जोखड राहिले.

१३८१ साली या संघाचा इंग्लंडमधील प्रमुख रॉबर्ट हेल्स हाच राज्याचा खजिनदार होता. सरासरी माणशी एक शिलिंगाच्या डोईपट्टीने गांजलेल्या रयतेने जूनमध्ये बंड केले, क्रेसिंगची जहागीर लुटली आणि त्याच आठवड्यात लंडनमध्ये हेल्सचा शिरच्छेद केला. राजसत्तेने ते बंड निर्दयपणे चिरडले. पुढे १५४० साली आठव्या हेन्रीने संघाची मालमत्ता जप्त केली. तीही रयतेसाठी नव्हे.

१९८७ साली एसेक्सच्या स्थानिक शासनाने ही वास्तू विकत घेऊन जतन केली. सुतारांच्या कौशल्याचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु ती कोठारे ज्यांच्या घामाने भरली, त्यांचेही स्मरण हवे. जमिनीचा धनी बदलणे म्हणजे जमिनीची व्यवस्था बदलणे नव्हे, हाच त्या कोठारांचा धडा होय.