वॉर्डातला प्रश्न प्रोजेक्टात कधी येणार?



आमच्या उचगावातली एक मुलगी कोल्हापूरला बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा ती प्रोजेक्टची प्रश्नावली घेऊन आली. विषय, स्तनपानाविषयी मातांचे ज्ञान. आधी प्रश्न विचारायचे, मग माहितीपत्रक वाटायचे, आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. गुण वाढणारच! मागच्या बॅचनेही हेच केले, गाव तेवढे वेगळे. बाइंडिंग झाले की सगळे कपाटात. तिचा दोष नाही. तिला वेगळे काही कुणी दाखवलेलेच नाही.

मी तीस वर्षे वॉर्डात काढली. इंट्राकॅथची (सलाईनसाठी शिरेत ठेवलेल्या नळीची) जागा कितव्या दिवशी सुजू लागते, रात्रपाळीला चार्ज देताना नेमके काय सांगायचे राहते, लकवा मारलेल्या पेशंटची कूस बदलायला एकटी सिस्टर कुठवर पुरी पडते, हे आमचे रोजचे प्रश्न. उत्तरे अंदाजाने काढली आणि निवृत्तीबरोबर घरी आणली.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळले, बेडसोर होऊ दिला नाही. त्या सेवेला आपण हात जोडतो. पण त्या सेवेत शास्त्रही होते. ते आज किती वर्गांत शिकवले जाते?

‘सिस्टरांना संशोधनाला वेळ कुठे?’ असे विचारतात. माणसे कमी आहेत, हे खरेच. पण गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी आणि नोंद शिकवली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. तिथे नोंद हा कामाचाच भाग होता, वरचा बोजा नव्हता.

संशोधन आणि संख्याशास्त्र अभ्यासक्रमात आहेच. विषय मात्र वॉर्डातल्या सिस्टरांनी सुचवावा. शिक्षिकेने मुलींबरोबर त्याच वॉर्डात उभे राहून नोंदी तपासाव्यात. आणि निष्कर्ष परीक्षकाकडे जाण्याआधी त्या वॉर्डाला मराठीत वाचून दाखवावा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने एवढे सक्तीचे करावे.

ती मुलगी पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहे. माझे तीस वर्षांचे अंदाज मी तिच्या हवाली करणार आहे. तपासून ते चुकीचे ठरले तरी मला चालेल.

एक निवृत्त परिचारिका,
उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर