साथ द्या, पण बारमाही

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात रोज येणारे कितीतरी पेशंट मुंबईचे नसतात. कुणी जळगावहून आलेले असते, कुणी लातूरहून, कुणी थेट बिहार, बंगाल नाहीतर आसामातून. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयावर गावोगावच्या लोकांचा विश्वास आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी कॅन्सरची शंका बोलून दाखवली की घरचे म्हणतात, ‘टाटाला नेऊ.’

नेणे एक वेळ जमते, तिथे राहणे जड जाते. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सात आठवडे चालते. केमोथेरपीची एक सायकल बहुधा २१ दिवसांची असते आणि अशा सहा-आठ सायकल घ्याव्या लागतात. लहान मुलांमध्ये रक्ताच्या कॅन्सरचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्याचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. एवढे दिवस मुंबईत राहायचे कुठे आणि खायचे काय? सोबत आलेल्या बापाची मजुरी बुडते. घरी आजीजवळ ठेवलेल्या धाकट्यांची शाळा अडखळते. म्हणून रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या कागदाखाली पेशंट आणि त्यांचे नातेवाईक दिवस काढताना दिसतात. बरे होण्याची आशा असूनही काहीजण उपचार अर्धा टाकून गावी परततात, तेही याच कारणाने.

हे परतणे थांबवण्यासाठी काही माणसे वर्षानुवर्षे राबत आहेत. त्यांच्यासाठी मला तुमच्याशी बोलायचे आहे. या माणसांचे कौतुक पुष्कळ होते. दिवाळीला आणि ४ फेब्रुवारीच्या जागतिक कर्करोग दिनाला त्यांच्याकडे मदतीचा ओघही येतो. कॅन्सरचा उपचार मात्र जूनमध्ये चालतो, ऑगस्टमध्ये चालतो, परीक्षांच्या दिवसांत आणि पेरणीच्या दिवसांतही चालतो. म्हणून या माणसांना बारमाही साथ हवी.

ही माणसे काय करतात

मुंबईत अशा कामाची परंपरा जुनी आहे. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. १९६८ मध्ये सुरू झालेली नाना पालकर स्मृती समिती परळला बाहेरगावच्या पेशंटांची राहण्याची सोय करते. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा आज कॅन्सरच्या पेशंटांचा मोठा आधार आहे. स्वतः कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये व्ही केअर फाउंडेशन सुरू केले. उपचाराच्या काळात मुलांना आईबापांसह मोफत राहता यावे म्हणून २००६ मध्ये श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी सेंट ज्यूड केंद्रे सुरू केली. तिथे प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा मिळते आणि आई आपल्या हाताने आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करते. ज्यांच्या आजारावर इलाज उरलेला नाही, त्यांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन उघडले. गोव्यात लोटलीलाही त्याची शाखा आहे.

या संस्था फळे आणि बिस्किटे वाटण्यापलीकडे काय करू शकतात, याचे एक उदाहरण प्रत्येकाला माहीत असायला हवे. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर इमॅटिनिब नावाची गोळी अतिशय गुणकारी ठरली. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक या गोळीचा महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी महिन्याला आठ-दहा हजारांत मिळत होती. कंपनीला पेटंट मिळाले असते, तर ही स्वस्त गोळी बंद होण्याची भीती होती. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही १९६९ पासूनची संस्था या पेटंटच्या विरोधात उभी राहिली आणि प्रकरण शेवटपर्यंत लढली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली. ज्यांनी या संस्थेचे नावही कधी ऐकले नसेल, अशा हजारो घरांमध्ये त्यामुळे औषध चालू राहिले.

पण असे निकाल क्वचित लागतात. रोजचे काम फार बारीक असते आणि बाहेरून दिसत नाही. सकाळी टेबलासमोर एक माणूस फाईल घेऊन बसतो. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला नीट कळलेले नसते. ते त्याच्या भाषेत समजावून सांगायचे. रुग्णालयाने दिलेला खर्चाचा अंदाज पाहायचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, मुख्यमंत्री सहायता निधीला कुठली कागदपत्रे लागतात, उरलेल्या रकमेसाठी कोणत्या ट्रस्टला पत्र लिहायचे, हे ठरवायचे. आज रात्री कुठे झोपायचे ते पाहायचे. रेशन द्यायचे. केमोनंतर ताप आला तर सकाळची वाट न पाहता लगेच कॅज्युअल्टीत यायचे, हे पुन्हा पुन्हा बजावायचे. आणि काही वेळा, मूल हाती न लागलेल्या आईबापांना गावी पोचवण्याची व्यवस्था करायची. ते करून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टेबलाशी बसायचे.

अशी माणसे घडायला वेळ लागतो. ती थकून निघून गेली, तर नवी इमारत आणि नवी अँब्युलन्स असूनही संस्था अडते.

पैसे द्याल तर असे द्या

औषधासाठी, मुलाच्या ऑपरेशनसाठी लोक मनापासून पैसे देतात. समाजसेविकेचा पगार, ऑफिसचे वीजबिल, खोल्यांची साफसफाई, हिशेब ठेवणारा माणूस, यांसाठी द्यायला कुणी तयार नसते. ‘आमचा पैसा पेशंटलाच गेला पाहिजे’ असे देणारा सांगतो. त्याची भावना चांगली आहे. तरीही विचार करा. योजनेचे कागद बिनचूक भरणारी एक समाजसेविका एका पेशंटला लाखांची मंजुरी मिळवून देऊ शकते. तिचा पगार पेशंटलाच गेला, असे का मानायचे नाही? सेवाभावाने काम करणाऱ्यालाही घरभाडे भरावे लागते.

म्हणून माझी पहिली विनंती: एकदाच पाच हजार देण्याऐवजी दर महिन्याला चारशे द्या, आणि ‘जिथे गरज असेल तिथे वापरा’ असे लिहून द्या. पुढच्या महिन्यात किती येणार हे आधी ठाऊक असेल, तर संस्थेला आणखी एका खोलीचे भाडे कबूल करता येते. अवचित आलेल्या मोठ्या रकमेवर असा शब्द देता येत नाही.

देण्याआधी चौकशी जरूर करा. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का ते विचारा. लेखापरीक्षण झालेले हिशेब मागा. पावती घ्या. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. मोबाईलवर आलेला आजारी मुलाचा फोटो आणि कुणाचा तरी खाते क्रमांक पाहून लगेच पैसे पाठवू नका. एखाद्या ठराविक पेशंटलाच द्यायचे असतील, तर त्याच्या फाईल नंबरवर रुग्णालयातच भरता येतील का, ते रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा.

वस्तू द्याल तर आधी विचारा

वापरलेले कपडे, उघडलेल्या औषधांच्या बाटल्या, तारीख संपत आलेल्या गोळ्या संस्थांच्या दारात येऊन पडतात. त्या निवडण्यात आणि टाकून देण्यात माणसांचा दिवस जातो. आधी एक फोन करा. कदाचित त्यांना मोठ्या माणसांचे डायपर हवे असतील, थर्मामीटर हवे असतील, नाहीतर महिन्याचा तांदूळ, तूरडाळ आणि तेल हवे असेल.

केमो चालू असताना पेशंटच्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा संसर्गही त्याच्या जिवावर बेतू शकतो. त्यामुळे वाढदिवसाला घरून शिजवून आणलेले जेवण, कापलेली फळे, प्रसाद परस्पर वाटू नका. सर्दी-खोकला असेल तर भेटायला जाऊ नका. टक्कल पडलेल्या मुलांबरोबर फोटो काढू नका. त्यांच्या आईबापांनी मदत घेतली आहे, चेहरा दिलेला नाही. आणि कुणाच्या काढ्याने कोण बरे झाले, याच्या गोष्टी तिथे सांगू नका. त्या ऐकून उपचार सोडलेला पेशंट परत येतो, तेव्हा आजार पुष्कळदा हाताबाहेर गेलेला असतो.

वेळ आणि रक्त

निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक, कारकुनी केलेली माणसे या संस्थांना फार उपयोगी पडतात. फॉर्म भरणे, रांगेत उभे राहणे, मुलांचा अभ्यास घेणे, हिशेब लिहिणे, अशी कामे पुष्कळ आहेत. बंगाली, भोजपुरी, तेलुगू येत असेल तर तुमची वाट पाहणारे अनेकजण आहेत. मात्र आठवड्यातले दोनच तास सांगा आणि ते चुकवू नका. ‘कधीही बोलवा’ म्हणणाऱ्यापेक्षा दर मंगळवारी दहा वाजता येणाऱ्याचा आधार मोठा असतो.

प्लेटलेट्सचे दान करणारेही हवे असतात. केमोनंतर अनेक पेशंटांना प्लेटलेट्स द्याव्या लागतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. त्यामुळे एका मोठ्या शिबिरात वर्षाचा साठा करून ठेवता येत नाही. मे महिन्याच्या सुटीत आणि सणांच्या दिवसांत रक्तपेढ्यांची ओढाताण होते. तुमची प्रकृती चांगली असेल, वय १८ ते ६० आणि वजन ५० किलोंच्या वर असेल, तर जवळच्या रक्तपेढीत प्लेटलेट्सदात्यांच्या यादीत नाव लिहा. मशीनवर दीड-एक तास लागतो. रक्तातल्या बाकी पेशी परत तुमच्याच शरीरात सोडल्या जातात.

गावात राहूनही हे करता येईल

मुंबई-पुण्यापासून लांब राहणाऱ्यांना वाटते, आपण काय करणार? तुमच्या हातून तर सर्वांत मोलाचे काम होऊ शकते. पेशंट गावातून निघतानाच त्याचे कागद नीट करून द्या. रेशनकार्ड, आधारकार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती काढून द्या. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण उपचार सुरू करण्याआधी मंजुरी घ्यावी लागते आणि आधी खर्च केलेले पैसे परत मिळत नाहीत. योजनेसाठी मदत करणाऱ्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटायला सांगा.

रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थर्ड एसीचे तिकीट पूर्ण माफ असते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे. हे माहीत नसल्यामुळे लोक प्रत्येक फेरीला पूर्ण भाडे भरतात. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील पेशंटांसाठी राखून ठेवाव्या लागतात, हेही सांगा.

पेशंटच्या घरच्यांनाही माझे सांगणे आहे. दागिने गहाण टाकल्यावर, जमीन विकल्यावर संस्थेकडे जाऊ नका. फाईल निघाली त्याच दिवशी समाजसेवा विभागाची खोली कुठे आहे ते विचारा. मदत मागण्यात कमीपणा नाही. उशिरा मागितली, तर मदत करणाऱ्याच्याही हाती फारसे उरत नाही.

आणि त्यांची विचारपूस करा

ही माणसे दिवसभर दुसऱ्यांचे दुःख ऐकतात. त्यांना देवमाणूस म्हणून मोकळे होऊ नका. देवमाणूस म्हटले की त्यांनी सुटी मागायची नाही, पगार मागायचा नाही, रडायचे नाही, असे आपण ठरवून टाकतो. तुमच्या ओळखीत असे कुणी असेल, तर त्यांच्या घरचे एखादे काम उचला. विश्वस्त असाल तर त्यांना वेळेवर पगार आणि रजा द्या, बोलायला समुपदेशक द्या. एखादा पेशंट गेल्यावर लगेच पुढची फाईल त्यांच्यापुढे ठेवू नका.

एवढ्यातले सगळे एकट्याला जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. तुम्हाला झेपेल असे एकच काम निवडा: दरमहा चारशे रुपये, मंगळवारचे दोन तास, रक्तपेढीच्या यादीत नाव, किंवा गावातल्या एका पेशंटची कागदपत्रे. ते याच महिन्यात करा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा करा.