न दुखणारा चट्टा

बँकेत संध्याकाळी रोकड मोजताना दहा रुपये जास्त निघाले, तर कॅशियरला घरी जाता येत नाही. ते कुठून आले याचा पत्ता लागेना, तर रक्कम जाते सस्पेन्स अकाउंटला. पण तिथेही तिला सुखाची झोप नाही. ऑडिटर येतो आणि विचारतो, ‘‘ही एन्ट्री इतके दिवस इथे काय करतेय?’’

माझं म्हणणं एवढंच, की माणसाच्या कातडीला दहा रुपयांइतका तरी मान मिळावा! दंडावर फिकट चट्टा उमटतो. खाजत नाही, दुखत नाही. वर्षभरात चवलीचा रुपया होतो, आणि आपण स्वस्थ. ऑडिटचं काम शेजारीपाजारी करतात. जव्हारच्या बाजारात एकाच डागाची मी पाच निदानं ऐकली आहेत : गजकर्ण, शिबं, कोड, ‘मासे खाऊन दूध प्यायला असणार’, आणि पाचवं म्हणजे काहीही न बोलता दोन पावलं मागे सरकणं. माझं भांडण या पाचव्याशी आहे.

प्रत्येक चट्टा म्हणजे कुष्ठरोग नव्हे, बहुतेक नसतातच. पण डोळे मिटल्यावर ज्यावर कापूस फिरवलेला कळत नाही, तो चट्टा डॉक्टरला दाखवलाच पाहिजे. आणि असला तरी घाबरायचं कोणाला? नॉर्वेच्या हान्सेननी १८७३ साली शोधलेला हा जंतू महा आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं, कधी वीस! (आमच्या काही कर्जप्रकरणांची आठवण होते.) शंभरांतल्या पंचाण्णव जणांचं तर तो काहीच वाकडं करू शकत नाही. १९८२ पासून त्यावर बहुविध औषधोपचार आहे. सरकारी दवाखान्यात फुकट, सहा किंवा बारा महिने. गोळ्या सुरू झाल्या की रोगी दुसऱ्याला लागण देत नाही.

जंतूपेक्षा सुस्त निघालो ते आपण. १८९८ चा कुष्ठरोग्यांना डांबून ठेवणारा कायदा रद्द झाला २०१६ साली. हा रोग घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होता २०१९ पर्यंत. म्हणजे गोळ्या आल्यावर सदतीस वर्षं! २००५ साली ‘दहा हजारांत एकापेक्षा कमी’ असा आकडा गाठून देशाने टाळ्या वाजवल्या. अजूनही वर्षाला लाखभर नवे रुग्ण सापडतात.

वावर-वांगणीचं नाव १९९२ साली पेपरांत आलं, ते कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा. न दुखणाऱ्या चट्ट्याची बातमी होत नाही. आशाताई पाड्यावर दारोदार विचारतात, ‘‘अंगावर डाग आहे का?’’ ज्याने लोकांना मागे सरकताना पाहिलंय, तो ‘‘नाही’’च म्हणणार. आणि तोवर आत नस मरत असते. मग चुलीचा चटका कळत नाही, बोटं वाकतात. वाकलेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत. आपण मात्र पाड्यावरच्याला अडाणी म्हणतो, आणि फ्लॅटमधल्याने तोच डाग फुल शर्टाखाली झाकला की ती ‘खासगी बाब’!

तेव्हा मंडळी, एसटीत कुणाच्या हातावर डाग दिसला, तर निदान सांगू नका. दवाखान्याची वेळ सांगा. आणि बाकावर जागा कमी असेल, तर त्याला म्हणा, ‘‘जरा सरका की राव!’’ तुम्ही सरकू नका.