हात काळे झाले तर काय बिघडलं?

गेल्या महिन्यात मी आमच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरच्या अंगणात बदलले. ही बातमी नातेवाइकांत पसरली आणि फोनवर फोन आले. सूर एकच, "ब्रेक म्हणजे जिवाचा मामला. असलं काम घरी करतात का?" एका भाच्याने तर "मामा, या वयात हे शोभतं का?" असंही विचारलं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकतो.

जिवाचा मामला आहे, मान्य. म्हणूनच तर तो कळायला हवा! ज्या पॅडच्या भरवशावर आपण बायकापोरांना घेऊन घाट उतरतो, तो किती उरलाय हे ठाऊक नसणं म्हणजे सावधपणा कसा? नव्या पॅडचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. तो ३ च्या आसपास आला की पॅड बदलावेत. चाक काढलं की पट्टीने मोजता येतं. पुष्कळ पॅडना तर पत्र्याची जीभ असते. पॅड झिजले की ती डिस्कला घासून किंचाळते. आपण काय करतो? गाण्यांचा आवाज वाढवतो.

आणि काम तरी काय? गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल करायचे. मग जॅक, आणि नुसत्या जॅकवर न विसंबता खाली स्टँड. कॅलिपर सोडवून तारेने बांधायचा, नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश आत ढकलायचा. तेव्हा ब्रेक ऑइल वर चढतं, टाकीवर लक्ष ठेवायचं. धूळ फुंकायची नाही. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचं, नाहीतर पहिलाच ब्रेक पोकळ जाईल.

ऑइल गळत असेल, नळी चिरलेली असेल, तर मेकॅनिककडेच जावं. त्याच्या कसबाबद्दल मला आदरच आहे. पण गंमत बघा. मला "जिवाचा मामला" ऐकवणारे हेच लोक गाडी गॅरेजात सोडतात, तेव्हा पॅड कोण बदलतो हे विचारतही नाहीत. कालच कामाला लागलेला पोरगा असला तरी चालतो. मग काळजी जिवाची आहे की हात काळे होण्याची?

माझ्या मते खरं दुखणं इथेच आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं. १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. आपल्या शाळांनी त्याचे आकाशकंदील आणि कागदी फुलं केली! घर्षणाची व्याख्या पोरांना तोंडपाठ, पण सायकलचा ब्रेक उघडून दाखवलेला नाही. शिकलेल्याने पाना धरू नये, हा समज आपण पिढ्यान्‌पिढ्या जपला आणि त्याला आता "सुरक्षितता" असं गोंडस नाव दिलं.

प्रत्येकाने पॅड बदलावेत असा माझा हट्ट नाही. पण पुढच्या वेळी गॅरेजात गेलात तर एसीतल्या खुर्चीवर बसू नका. चाक निघेल तेव्हा जवळ उभे राहा आणि जुना पॅड हातात घेऊन बघा. हात काळे होतील. साबणाने निघतात.