पोळपाटावरील विद्या

गेल्या पावसाळ्यात एक सद्गृहस्थ शाळेत मजकडे आले. त्यांचे चिरंजीव त्या वेळी आमच्या नववीच्या वर्गात होते. नमस्कार झाल्यावर ते म्हणाले, "सर, दर शनिवारी पोरगा घरचा पोळपाट पिशवीत घालून शाळेत आणतो. त्याची आई विचारते, शाळेत आता पोळ्या लाटायला शिकवतात की काय?" मला हसू आले, परंतु त्यांचा पुढचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ते म्हणाले, "बरं, ह्याला परीक्षेत मार्क किती?"

ह्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर "एकही नाही" हेच होय, व तेच मी त्यांस दिले. त्यांचे समाधान झाले नाही. आणि खरे सांगावयाचे तर उत्तर देऊन माझेही झाले नाही. हे वार्षिक मुलांच्या व त्यांच्या पालकांच्या, दोघांच्याही हाती पडते. तेव्हा त्या दिवशी उभ्याउभ्या जे बोलता आले नाही ते येथे लिहितो.

मुलगा पोळपाटावर जी मांडणी करीत होता तिला इंग्रजीत ब्रेडबोर्ड म्हणतात. १९२० च्या सुमारास अमेरिकेतील हौशी लोक घरच्या घरी रेडिओ बनवू लागले. सुटे भाग बसविण्यास कोरडे, सपाट व खिळा धरणारे लाकूड त्यांस स्वयंपाकघरातच सापडले. ते म्हणजे पाव कापण्याची फळी. फिलाडेल्फियाच्या ॲटवॉटर केंट कंपनीने तर त्या दशकाच्या आरंभी उघड्या फळीवर मांडलेले असे संच बाजारात विकले. आमच्या रेणापुराकडे पाव हा पाहुणा आणि भाकरी तर काठवटीत थापावयाची; सबब फळीचे काम पोळपाटाकडे आले. पोळपाटाला पाय असल्यामुळे काही तारा खालून नेता येतात, ही सोय निराळीच. (संबंधित मातोश्रींची क्षमा मागून सांगतो की, आता आम्ही सुताराकडून स्वतंत्र पाट करून घेतले आहेत.)

आजच्या बहुतेक मुलांनी व्हॉल्व्ह पाहिलेला नसतो. ही आतील हवा काढून घेतलेली काचेची नळी असते. तिच्या मध्यभागी कॅथोड तापविला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात व सभोवतीच्या धातूच्या पत्र्याकडे, म्हणजे ॲनोडाकडे, ओढले जातात. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंग ह्यांनी अशी दोन भागांची नळी केली. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट ह्यांनी त्या दोहोंच्या मध्ये तारेची जाळी घातली, आणि तेथून ध्वनिवर्धनाची सगळी विद्या सुरू झाली. रात्री उसाला दारे धरणारा शेतकरी फावडेभर माती इकडची तिकडे करतो आणि पाटाचा सारा प्रवाह वळतो. जाळीचे काम तेच. तिच्यावरील विद्युद्दाब किंचित हलला की ॲनोडाकडे जाणारा प्रवाह त्याच्या तालावर कितीतरी मोठ्या प्रमाणात हलतो. आपल्या आजोबांनी लग्नांत व जत्रांत ऐकलेले कर्णे अशाच नळ्यांवर चालत. कळ दाबल्यावर ते अर्धा मिनिट मुके राहत, कारण कॅथोड तापावयाचा असे. आमच्या नळ्या अशाच एका जुन्या लाऊडस्पीकरवाल्याच्या माळ्यावरून आलेल्या आहेत.

पाट कसा करावयाचा हे पुष्कळ मुलांनी विचारले आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. लाकूड जुने, वाळलेले, शक्यतो सागाचे घ्यावे. ओल्या लाकडातून वीज थोडीथोडी पाझरते. मग दोष जोडणीत आहे की लाकडात, हेच कळेनासे होते. लांबी सव्वा फूट व रुंदी नऊ इंच पुरे. नळीचे सॉकेट पाटापासून थोडे उंच उचलून पक्के बसवावे, म्हणजे त्याच्या पायांशी बोटे पोहोचतात. सभोवती दोन-दोन बोटांच्या अंतरावर पितळी स्क्रू लावून प्रत्येकाखाली वॉशर घालावे. तारेचे टोक त्या वॉशरखाली दाबावयाचे. मागच्या कडेने एक जाड, उघडी तांब्याची तार ताणावी; ही सर्वांची सामाईक जमीन. आवाज डावीकडून आत यावा व उजवीकडून बाहेर जावा. हा क्रम मोडून जाळीची तार ॲनोडाच्या तारेला खेटून नेली की वाढलेला आवाज पुन्हा आत शिरतो आणि कर्णा शिट्टी घालू लागतो. घरच्या विजेवर चालणारा पाट असेल तर हीटरच्या दोन तारांना वेणीसारखा पीळ घालून त्या कडेकडेने न्याव्या, नाहीतर ५० आवर्तनांची घरघर प्रत्येक गाण्याला साथ करते.

आता मुख्य गोष्ट. ह्या पाटावर कोठेही डाग द्यावयाचा नाही, म्हणजे सोल्डर लावावयाचे नाही. स्क्रू सैल करावा, तार काढावी, दुसरीकडे लावून पाहावी. चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते, आणि सुधारण्यास एक पेचकस व दोन मिनिटे लागतात. मी कॉलेजात असताना इतका धीर धरला नव्हता. घाईघाईने पत्र्याच्या पेटीला भोके पाडली, सर्व भाग बसविले, डाग दिले आणि अभिमानाने बटण दाबले. आवाजापेक्षा घरघर मोठी! ट्रान्सफॉर्मर चुकीच्या ठिकाणी बसला होता. पण पत्र्याला पडलेली भोके काही सरकत नाहीत. ती पेटी मी तीनदा उलगडली आणि चौथ्या वेळी भंगारवाल्यास दिली.

पालकांस जी भीती वाटते ती रास्त आहे, तेव्हा तिच्याविषयी स्पष्ट लिहितो. व्हॉल्व्हला पुरे काम करण्यास बहुधा २५० व्होल्टच्या आसपास दाब लागतो. उदाहरणार्थ, ईसीसी ८३ ह्या नळीला २५० व्होल्ट दिले, ॲनोडाच्या वाटेवर १ लाख ओहमचा व कॅथोडाखाली १,५०० ओहमचा रोध घातला, तर ती आवाजाचा दाब पन्नासपटींहून थोडा अधिक वाढविते. परंतु तेवढाच दाब उघड्या स्क्रूंवरही येतो. तो प्राणघातक आहे. आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरात साठलेला भार काही वेळ तसाच राहतो. म्हणून २५० व्होल्टच्या पाटाला आमच्याकडे मुलाचे बोट लागत नाही. तो मी स्वतः, वर पारदर्शक झाकण ठेवून व एक हात पाठीशी बांधल्यासारखा धरून चालवितो, आणि मुले बाकाच्या पलीकडून पाहतात. मुलांच्या पाटावर ईसीसी ८२ ही नळी असते. तिच्या हीटरला १२ व्होल्टची बॅटरी व ॲनोडाला ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकीला एक जोडून, म्हणजे अवघे २७ व्होल्ट. वाढ अर्थातच थोडी होते, परंतु क्रिस्टलच्या इअरफोनात ती चांगली ऐकू येते. ज्यांच्या घरी जुना रेडिओ किंवा अँप्लिफायर पडून असेल त्यांनी तो मुलांना उघडू देऊ नये. शाळेत आणून द्यावा.

कोणी म्हणतील, आता छिद्रांचे प्लास्टिकचे ब्रेडबोर्ड दुकानात मिळतात, संगणकावर तर सारे मंडल फुकट मांडून पाहता येते. मग हा सुतारकामाचा खटाटोप कशाला? प्लास्टिकच्या बोर्डाशी माझे भांडण नाही. ट्रान्झिस्टरचे धडे आम्ही त्यावरच देतो. परंतु व्हॉल्व्हचे पाय त्यात बसत नाहीत, त्याच्या बारीक पट्ट्या २५० व्होल्टसाठी केलेल्या नाहीत, आणि त्याच्या जोडण्या पोटात लपलेल्या असतात. संगणकावर आकडे आधी ताडून पाहावे, हे मी मुलांस सांगतोच. पण तेथे घरघर आपण स्वतः घातली तरच येते. पाटावर ती न बोलावता येते. व्हॉल्व्ह आता बहुतेक कामांतून गेला, हेही खरे. गिटारच्या अँप्लिफायरांत व काही शौकिनांच्या घरी तो उरला आहे. शिकणाऱ्याला मात्र तो अजून सोयीचा आहे, कारण त्याचे अवयव मोठे व दिसणारे असतात. मोठ्या नळीतून प्रवाह अती झाला तर तिचा ॲनोड लालबुंद होऊन सावध करतो. ट्रान्झिस्टर मुकाट्याने मरतो.

आणि आधी कच्ची मांडणी, मग पक्की, ही रीत केवळ पोरखेळाची नव्हे. आपल्या महाराष्ट्रातच तिचा फार मोठा दाखला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन व त्यांचे तरुण सहकारी ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात देशी गणकयंत्र बांधण्याचे मनावर घेतले. त्या सहकाऱ्यांपैकी बहुतेकांनी तोवर गणकयंत्र वापरलेलेही नव्हते. अशा वेळी एकदम मोठे यंत्र उभारण्याचा मोह किती झाला असेल! त्यांनी आधी एक लहान, चाचणीचे यंत्र बांधले. ते १९५६ च्या अखेरीस चालू झाले, आणि त्यावर हात बसल्यावरच मोठ्या यंत्राचे काम निघाले. १९६० च्या फेब्रुवारीत रीतसर कार्यारंभ झालेल्या त्या मोठ्या यंत्रात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. आज कोणाच्याही खिशातील फोन त्याहून कितीतरी शीघ्रगणक आहे. परंतु ज्यांस काय चुकेल हेच ठाऊक नव्हते, त्यांनी चुकण्यासाठी आधी एक जागा करून घेतली, ही गोष्ट मला त्या २,७०० नळ्यांहून मोठी वाटते.

आता पुन्हा मार्कांकडे येतो. रेणापुराहून लातूर हाकेच्या अंतरावर आहे, आणि लातूर पॅटर्न हे शब्द आमच्या मुलांच्या कानांवर पाढ्यांच्याही आधी पडतात. त्या पद्धतीची निंदा मी करणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्यांची किती मुले तिच्या जोरावर डॉक्टर व इंजिनीयर झाली, हे मी पाहतो आहे. त्या घरांची दैना फिटली. पण तिच्यात चूक म्हणजे गेलेला मार्क. चुकलेले उदाहरण सोडून पुढच्याकडे धाव घ्यावयाची, कारण घड्याळ चालू आहे. अशा शिक्षणात हुशार झालेला मुलगा चुकीच्या जवळ दहा मिनिटे बसून तिच्याशी बोलणे विसरतो. मला आठवड्यातून मुलांचे दोन तास हवे आहेत, ते एवढ्यासाठीच. बाकीचे सारे तास शिकवणीचे खुशाल असोत.

त्या सद्गृहस्थांच्या मुलाचेच पाहा. त्याने सर्व जोडणी केली, बॅटरी लावली, तरी नळीचा हीटर उजळेचना. तो रडकुंडीस आला. मला कारण दिसत होते, पण मी बोललो नाही. (असे गप्प बसणे शिक्षकाला फार जड जाते.) दुसऱ्या शनिवारी त्याला उलगडा झाला. पुस्तकातील आकृती नळीच्या पायांकडून, खालून पाहून काढलेली असते. ह्याने पाय वरून मोजले होते. त्यामुळे चौथ्या पायाची तार सहाव्याला गेली आणि हीटरचा फेरा पुराच झाला नाही. त्याने स्क्रू सैल करून तारा बदलल्या. मिनिटभरात नळीच्या पोटात बारीक नारिंगी उजेड दिसला, आणि मग इअरफोनात त्याच्याच बोटाची टिचकी ऐकू आली. ती त्याने वर्गातील प्रत्येकास ऐकविली, शेवटी शिपाईमामांनाही.

त्याच्या वडिलांना मी हे सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मी इअरफोन दिला तो कानासही लावला. मग म्हणाले, "सर, छान आहे. पण पुढच्या वर्षी दहावी आहे." यंदा तो मुलगा शनिवारी लातूरला शिकवणीस जातो. मी त्यांस दोष देत नाही; त्यांच्या जागी मी असतो तर काय केले असते, हे मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. मात्र त्यांनी व त्यांच्यासारख्या इतर पालकांनी ह्या दोन तासांचा पुन्हा एकदा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

त्याचा पोळपाट आम्ही घरी परत पाठविला, पण मांडणी उलगडली नाही. ती जशीच्या तशी नव्या पाटावर घेऊन विज्ञानाच्या खोलीतील कपाटात ठेवली आहे. ईसीसी ८२ मध्ये एकाच काचेत दोन नळ्या असतात. त्याने पहिलीच जोडली होती. दुसरीचे सहा, सात व आठ हे पाय अजून मोकळे आहेत.