‘लाँच’ झाले, पण पोहोचले का?

‘उपग्रह यशस्वीरीत्या लाँच’ हे तीन शब्द भारतीय विज्ञानवार्तांमध्ये निकालासारखे वाचले जातात. वस्तुतः ती परीक्षा सुरू झाल्याची बातमी असते. या गैरसमजाचा दोष वाचकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. दोष आहे तो एका अनेकार्थी इंग्रजी शब्दाचा आणि त्याचे अर्थ न निवडता तो जसाच्या तसा उचलणाऱ्या वृत्तलेखनाचा.

‘लाँच’ हे क्रियापद इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आले. त्याचे मूळ भाल्याला म्हणतात त्या ‘लान्स’ या शब्दात आणि त्याही मागे लॅटिन ‘लान्सिया’मध्ये आहे. भाल्यासारखे फेकणे हा जुना अर्थ. पुढे नवे जहाज पाण्यात लोटणे, अग्निबाण सोडणे आणि अखेरीस पुस्तक, मोबाइल किंवा सरकारी योजना लोकांसमोर आणणे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी ‘लाँच’ मात्र निराळ्या कुळातली. नौकेचे हे नाव पोर्तुगीज-स्पॅनिश ‘लांचा’वरून आले असून त्याचा संबंध मलय भाषेतील वेगवान नौकेच्या नावाशी जोडला जातो. नौका आणि अग्निबाण यांत कोणी गल्लत करीत नाही. गल्लत होते ती क्रियापदाच्याच अर्थांमध्ये.

भाला हातातून सुटला म्हणजे लक्ष्याला लागला, असे होत नाही. उलट मोबाइल ‘लाँच’ झाला म्हणजे तो तयार होऊन विक्रीस आला. एका अर्थी लाँच हा आरंभ, दुसऱ्या अर्थी ती पूर्तता. बंगळुरू हे इस्रोच्या मुख्यालयाचे शहर आणि नव्या अ‍ॅपचेही. तेथे दोन्ही अर्थ एकाच वृत्तपत्रात शेजारी नांदतात आणि बाजारी अर्थातील पूर्तता नकळत अग्निबाणाच्या बातमीला चिकटते.

याची किंमत काय, ते दोन उदाहरणांत दिसते. ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्हीचे पहिले उड्डाण झाले. तिन्ही घन-इंधन टप्पे जळले, उपग्रह वेगळेही झाले. पण ३५६ किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ते ३५६ गुणिले ७६ किलोमीटरच्या लंबवर्तुळाकार कक्षेत सोडले गेले. ७६ किलोमीटरवरील विरळ हवाही उपग्रहाला खाली खेचण्यास पुरेशी असते. उपग्रह निकामी ठरले.

२९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून शंभरावे उड्डाण झाले. बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात घडलेला, २,२५० किलो वजनाचा एनव्हीएस-०२ हा दिशादर्शन उपग्रह जीएसएलव्हीने अपेक्षित हस्तांतर कक्षेत नेऊन सोडला. अग्निबाणाचे काम चोख झाले. परंतु कक्षा उंचावण्यासाठी लागणारा ऑक्सिडायझर आत सोडणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत, असे २ फेब्रुवारीला इस्रोनेच जाहीर केले. उपग्रह नियोजित भूसमकालिक कक्षेत पोहोचलाच नाही. शंभराव्या ‘लाँच’चा जल्लोष सर्वांच्या स्मरणात आहे, त्या झडपा किती जणांना आठवतात?

‘हा शब्दांचा कीस कशासाठी? अभियंत्यांना हा फरक ठाऊक असतो,’ असा आक्षेप येईल. अभियंत्यांना असतोच. प्रश्न नागरिकांचा आहे. अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ या चार अज्ञातांसाठी किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सोडलेल्या अकरा दिशादर्शन उपग्रहांपैकी स्थाननिश्चितीची सेवा चारच देत होते. म्हणजे राखीव एकही नाही. ‘अकरा लाँच’ एवढेच ऐकणाऱ्या समाजाला हा प्रश्न विचारावासाच वाटणार नाही.

मराठीपाशी यावर उपाय आहे. जहाजाचे जलावतरण होते, पुस्तकाचे प्रकाशन, योजनेचा शुभारंभ, अग्निबाणाचे प्रक्षेपण. मराठी निर्दोष आहे असे नव्हे. ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे या धातूपासून आलेले ‘प्रक्षेपण’ दूरचित्रवाणीलाही चालते, त्यामुळे ‘प्रक्षेपणाचे थेट प्रक्षेपण’ असे चमत्कारिक वाक्य मराठीतच शक्य आहे. तरीही या शब्दातले फेकणे अजून ऐकू येते. ‘लाँच’मध्ये ते बाजाराच्या गजरात बुडाले आहे.

म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी अशी प्रत्येक बातमी तीन प्रश्नांनी तपासावी. यान उडाले का? उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचला का? नेमून दिलेले काम तो करू लागला का? पहिल्याचे उत्तर काही मिनिटांत मिळते, दुसऱ्याला कित्येक दिवस लागू शकतात, तिसऱ्याला महिने. जे वृत्त पहिल्या उत्तरावरच थांबते, ते खोटे नसले तरी अपुरे असते. आणि उरलेल्या दोन उत्तरांची मागणी वाचकांनी केल्यावाचून ती कोणी आपणहून छापणार नाही.